चौदा उंदरांची बातमी

सकाळी साडेसात वाजता नारायण बोकील चंद्राला त्याचं गुरुत्वाकर्षण परत देत होते.

‘बांधावरची खबर’ हे बारामतीचं ऑनलाइन बातमीपत्र. त्यात आदल्या दिवशी छापून आलं होतं की चंद्रावर गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून तिथे यान उतरवणं फार अवघड. बोकिलांनी इंदापुरातल्या आपल्या घराच्या बाहेरच्या खोलीत खुर्ची खिडकीकडे ओढली, चष्मा पुसला आणि एका बोटाने बातमीखाली लिहिलं, ‘चंद्रावर गुरुत्वाकर्षण आहे. पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश. कृपया दुरुस्ती करावी. ना. वि. बोकील, इंदापूर.’

दोन मिनिटांत उत्तरं आली. ‘काका तुम्ही कधी जाऊन आला?’ एकाने गुलाबाचं चित्र टाकून सगळ्यांना शुभ सकाळ केलं. एकाने विचारलं की चंद्राचं राहू द्या, आमचा विजेचा डीपी आठ दिवस जळून पडलाय त्याचं छापा. आणखी एकाने नुसतंच ‘जय हिंद’ लिहिलं. बातमी ग्रहताऱ्यांची असो, नव्या जातीच्या कालवडीची असो, नाही तर खिशात फुटलेल्या मोबाइलची, खाली जमणारी मंडळी हीच. ही माणसं मथळा वाचतात, फोटो बघतात आणि तोंड उघडतात. बोकील मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि तिथेच त्यांची पंचाईत व्हायची.

तेहतीस वर्षं ते एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. शेवटची नऊ वर्षं मुख्य केमिस्ट. तिथल्या रजिस्टरचा एक नियम होता. चुकलेला आकडा खोडायचा नाही, गिरवायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. सही झाली की विषय संपला, पुढच्या पाळीचा माणूस वाचून समजून घेईल. आणि पुढच्या पाळीचा माणूस खरंच वाचायचा, कारण न वाचणाऱ्याची बोकील सगळ्यांसमोर खरडपट्टी काढत. निवृत्तीनंतर हा नियम त्यांनी जगाला लावला. जगाला मात्र तो कुणी कळवला नव्हता.

चंद्राचं काम झाल्यावर त्यांनी उरलेला चहा प्यायला. तो गार झाला होता, पण ते त्यांना कळलं नाही. दात काढायला सुई दिल्यावर गाल बधिर होतो, आपणच आपला गाल चावला तरी समजत नाही, तसं गेले आठ महिने त्यांचं सगळंच झालं होतं. भूक लागायची नाही पण ते जेवायचे, झोप यायची नाही पण पडायचे. लोक भेटायचे तेव्हा बरं आहे म्हणायचे. फक्त चूक दिसली की बोट आपोआप चालायचं.

आठ महिन्यांपूर्वी, श्रावणात, याच बातमीपत्राने छापलं होतं: ‘मधुमेहींनो, सुईला करा रामराम! पेरूच्या पानांची कमाल.’ परदेशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत चौदा उंदरांना पेरूच्या पानांचा अर्क दिला आणि त्यातल्या काहींच्या रक्तातली साखर उतरली, एवढंच मुळात होतं. बातमीत येईपर्यंत उंदीर गळाले आणि चौदा तेवढे राहिले. चौदा रुग्ण! अर्काचा काढा झाला, काहींचे सगळे झाले. बोकिलांनी मूळ शोधनिबंध हुडकून काढला, वाचला, सहा ओळींची दुरुस्ती खाली लिहिली. शेवटी ‘कोणीही इन्सुलिन बंद करू नये’ असंही लिहिलं आणि सही केली. एकसष्ट लोकांनी ती लाइक केली.

तीच बातमी त्याच सकाळी भजनी मंडळाच्या ग्रुपवरून त्यांच्या पत्नीला, इंदिराबाईंना आली. बारा वर्षं त्या पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घेत होत्या आणि कंटाळल्या होत्या. परसात पेरूचं झाड होतं. त्यांनी कुणाला न सांगता सुई बंद केली. नवव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. बारामतीला दवाखान्यात हलवलं आणि तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. पुण्याहून मुलगा आला, निहार. तो रडत म्हणाला, “बाबा, आईने आपल्या सगळ्यांपासून लपवलं हो.” बोकील म्हणाले, “हो.” निहारला, सुनेला, शेजारपाजाऱ्यांना, कुणालाच त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. ती बातमी खोटी आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बातमीपत्राच्या चाळीस हजार वाचकांसाठी त्यांनी ते लिहून ठेवलं होतं आणि घरात सांगितलं नव्हतं.

आता चैत्र सुरू होता. चंद्राच्या बातमीखाली बोट सरकवलं तर काय दिसावं? तीच पेरूची बातमी, तोच मथळा, तोच फोटो. ‘बांधावरची खबर’ला मजकूर कमी पडला की जुन्या बातम्या नव्या तारखेने परत यायच्या. बोकिलांची जुनी दुरुस्ती खाली कुठेतरी गाडली गेली होती. सगळ्यात वर पणदऱ्याच्या जोतीराम नावाच्या माणसाने लिहिलं होतं, ‘आमच्या आईची पंधरा दिवस झाले सुई बंद. सकाळ संध्याकाळ पेरूच्या पानांचा काढा. आई एकदम टकाटक. ज्याला पटत नाही त्याने पणदऱ्याला येऊन बघावे.’ खाली तीनशेच्या वर लाइक.

बोकिलांनी तीच सहा ओळींची दुरुस्ती पुन्हा लिहिली. या वेळी मंडळी जागी होती. गोकुळ नावाच्या एकाने लिहिलं, ‘काका सुईच्या कंपनीत होते वाटतं.’ त्यावर हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे ओळीने लागले. दुसरा म्हणाला, हे खोटं असतं तर डॉक्टर बोलले नसते का? एक डॉक्टर खरोखरच बोलले होते, दोन कमेंट खाली. त्यांना लोकांनी विचारलं होतं, तुमची डिग्री कुठली?

बोकिलांनी जोतीरामला विचारलं, ‘आईंना तहान फार लागते का?’

उत्तर लगेच आलं. ‘हो. दिवसभर पाणी पितात. काढ्याने शरीर आतून धुऊन निघतंय.’

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. त्या नऊ दिवसांत इंदिराबाईंच्या उशाशीही तांब्या असायचा. उन्हाचा त्रास होतोय म्हणायच्या, भर श्रावणात! बोकिलांना तेव्हा त्यातलं काहीही खटकलं नव्हतं. आताही आत काही हललं नाही.

त्यांनी अश्लेषाला फोन लावला. अश्लेषा ही ‘बांधावरची खबर’ची सगळी पानं एकटीने सांभाळणारी मुलगी. बोकील तिला दुरुस्त्या पाठवायचे, ती ‘धन्यवाद सर’ लिहायची आणि दुरुस्ती करायची नाही. पण स्वभावाने बरी होती.

“अश्लेषा, ती पेरूची बातमी काढ.”

“सर, ती आमची सगळ्यात जास्त चाललेली बातमी आहे. ती काढली तर मालक मला काढतील.”

“मग मथळ्यात दुरुस्ती टाक. उंदीर म्हणून लिही.”

“मथळ्यात उंदीर?” ती हसली. “मी असं करते, तुमची कमेंट पिन करते. सगळ्यात वर दिसेल. मग तर झालं?”

“वर असली की लोक वाचतात?”

“खरं सांगू सर? मीसुद्धा वाचत नाही. दिवसाला हजार कमेंट येतात. त्या वाचत बसले तर काम कधी करू?”

तिने कमेंट पिन केली. तासाभरात तिला ऐंशी लाइक झाले. बोकिलांनी ऐंशीच्या ऐंशी नावं उघडून बघितली. जोतीराम त्यात नव्हता, आणि जोतीरामची आई तर नव्हतीच. येऊन बघावे, असं तो वर लिहून बसला होता. असं आव्हान नेटवर हजार जण देतात, कारण येणार कुणी नाही याची खात्री असते. बोकिलांना मात्र लिहिलेलं जसंच्या तसं घ्यायची सवय. त्यांनी शर्ट बदलला, दाराला कुलूप घातलं आणि स्टँडवर जाऊन बारामतीच्या गाडीत बसले.

गाडीत शेजारचा माणूस मोबाइलवर मोठ्या आवाजात काहीतरी बघत होता आणि एकटाच हसत होता. निमगाव केतकीला गाडीत गर्दी चढली. पुढे उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते. एरवी बोकिलांनी ऊस कुठल्या जातीचा, तुटून किती तास झाले, हे नजरेने सांगितलं असतं. आज ते नुसते बघत राहिले. जाऊन काय बोलायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं, आणि ठरवावं असंही त्यांना वाटत नव्हतं. बारामतीला उतरून त्यांनी दुसरी गाडी पकडली. पणदऱ्याच्या फाट्यावर एका टपरीवर फोनमधला जोतीरामचा फोटो दाखवला. टपरीवाला म्हणाला, “त्यो एमआयडीसीत दुधाच्या कंपनीत हाय. पयली पाळी असंल. घर कालव्याच्या अंगाला, पत्र्याचा गोठा दिसंल बघा.”

गोठ्यापुढच्या पत्र्याच्या सावलीत बाजेवर एक बाई भिंतीला टेकून बसली होती. साठीची असावी. उशाशी तांब्या. बोकिलांनी आधी तांब्याच बघितला. बाईंचे ओठ फुटलेले होते आणि त्या पुन्हा पुन्हा जिभेने ओले करत होत्या. जोतीरामची आई ती हीच, लीलाबाई. त्यांची सून रेश्मा गाईंना वैरण टाकत होती.

“बसा पाव्हणं,” लीलाबाई म्हणाल्या. आवाज घोगरा होता. “कुठलं गाव म्हणायचं?”

“इंदापूर.”

“सोयरिकीचं बघाया आलात व्हय? आमच्यात आता कुणी लग्नाचं न्हाय बगा.”

“नाही. मी त्या पेरूच्या पानांसाठी आलो.”

लीलाबाईंचा चेहरा उजळला. “घ्या! काल सांगवीचं दोघं आलं व्हतं, आज इंदापूर. रेश्मा, पाव्हण्यास्नी काढा दे गं.”

रेश्माने कपात काढा आणून दिला. हिरवट-तपकिरी, कोमट. बोकिलांनी तो हातात धरला आणि एकदम इंदिराबाईंच्या पातेल्याचा वास आला. त्या जाण्याच्या आदल्या आठवड्यात हा वास घरभर होता. कसला वास आहे, असं त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

“लीलाबाई,” ते म्हणाले, “तो प्रयोग माणसांवर झालेला नाही. उंदरांवर झाला. चौदा उंदीर होते.”

“उंदरं?”

“हो.”

लीलाबाईंनी क्षणभर विचार केला. “उंदराला गुण येतोय, मंग माणसाला न्हाय येणार व्हय?”

रेश्मा पदराआड हसली. बोकिलांपाशी याचं उत्तर होतं, पण ते दोन पानांचं होतं. त्यांनी रेश्माला विचारलं, “साखर बघायचं मशीन आहे ना घरात?”

“हाय की. पर पट्ट्या संपल्यात. ह्ये म्हणलं, आता काय करायच्यात पट्ट्या.”

तेवढ्यात मोटरसायकल आली. निळ्या शर्टातला, पस्तिशीचा, किरकोळ अंगाचा माणूस उतरला. नेटवर हा जोतीराम वाघासारखा असायचा. इथे त्याने परका म्हातारा माणूस बघून आधी शर्टाची बाही खाली ओढली आणि रामराम केला. नाव ऐकल्यावर तो दचकलाच.

“बोकील? म्हंजी ते दुरुस्तीवालं?”

“हो. तुम्ही येऊन बघा म्हणालात.”

“तसं न्हवं सायेब, ते आपलं… बोलायची पद्धत असती.” त्याने खुर्ची पुसून पुढे केली. मग मात्र त्याचा स्वर जरा ताठ झाला. “पर बगितलंत न्हवं आता? आई बसलीया, बोलतीया. तुमी शिकल्याली माणसं, आमी न्हाय म्हणत न्हाय. पर मला रोज वीस-पंचवीस लोकं फोन करत्यात. आमच्या सुपरवायझरनंबी बापाला काढा चालू केला. आता त्यास्नी काय सांगू, चुकलं म्हणून?”

कंपनीत आठ वर्षं दुधाच्या टाक्या धुणाऱ्या जोतीरामला लोक पहिल्यांदाच काहीतरी विचारत होते. ते सोडवत नव्हतं त्याला. बोकिलांना ते समजलं, आणि समजूनही त्यांनी पुन्हा तेच सुरू केलं. अर्क वेगळा, काढा वेगळा, उंदराचं वजन इतकं, माणसाचं इतकं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपण ती सहा ओळींची कमेंटच तोंडाने म्हणतोय. जोतीराम मान डोलवत होता आणि काहीच ऐकत नव्हता. लीलाबाईंचे डोळे मिटत चालले होते. श्वास मात्र जोरात चालला होता, धावून आल्यासारखा.

“आत्याबाईंना पहाटंपासनं दोन उलट्या झाल्या,” रेश्मा हळूच म्हणाली. “कुणाला सांगू नगं म्हणल्या.”

“ती घाण भायेर पडतीया,” जोतीराम म्हणाला. पण आईकडे बघून म्हणाला, आणि पहिल्याइतक्या जोरात नाही.

बोकिलांनी कप खाली ठेवला. “माझी बायको अशीच गेली,” ते म्हणाले.

गाय तेवढी दावं ओढत होती.

“हीच बातमी. हाच काढा. नवव्या दिवशी उलट्या, हा असाच श्वास. तिला बारा वर्षं सुई होती.” ते हिशेब वाचून दाखवावा तसं सांगत होते, आवाज कुठे चढत नव्हता की अडकत नव्हता. “बातमी खोटी आहे हे मला माहीत होतं. मी त्या दिवशी खाली दुरुस्ती लिहीत बसलो होतो. तेव्हा ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिने मला आतून हाक मारून विचारलं, अहो, ते पेरूच्या पानांचं खरं आहे का हो? मी म्हणालो, लिहितोय.”

“मंग?” लीलाबाईंनी डोळे उघडले.

“मग काही नाही. मी लिहून झाल्यावर पेपर वाचला. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला वाटलं असेल, हे त्या पानांबद्दल काहीतरी चांगलंच लिहितायत.”

हे त्यांनी निहारला सांगितलं नव्हतं. जन्मात कुणाला सांगणार नव्हते. इथे एका गोठ्यासमोर, ज्यांची नावं सकाळपर्यंत धड माहीत नव्हती अशा तीन माणसांना त्यांनी सांगून टाकलं. आणि सांगूनही त्यांना हलकं वाटलं नाही की जड वाटलं नाही.

जोतीराम उभा होता तो उभाच राहिला. मग त्याने आईच्या कपाळाला हात लावला, तिचा हात हातात घेऊन दाबून बघितला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. “रेश्मा, तात्याबाची गाडी हाय का बग घरी. पळ!”

तात्याबा हा पलीकडच्या घरातला. त्याच्या गाडीत मागे लीलाबाईंना निजवलं, डोकं रेश्माच्या मांडीवर. बोकील पुढे बसले, जोतीराम मोटरसायकलवर मागोमाग निघाला. बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात पोचेपर्यंत लीलाबाई दोनदा ओकल्या. तपासणीत साखर पाचशे बारा निघाली. डॉक्टरीण बाई तरुण होती. तिने सलाइन लावलं, इन्सुलिन सुरू केलं आणि जोतीरामला जे काही सुनावलं ते सगळ्या मजल्याने ऐकलं. “उद्यापर्यंत थांबला असतात तर मी काहीच करू शकले नसते,” ती म्हणाली. “आजची रात्र बघावी लागेल, पण वाचतील.”

तिन्हीसांजा झाल्या. गाईंच्या धारा राहिल्या होत्या म्हणून रेश्मा तात्याबाच्या गाडीतून परत गेली. जोतीराम बाहेरच्या बाकावर मोबाइल घेऊन बसला. त्याने आपली आधीची कमेंट काढून टाकली आणि नवीन लिहिली. बोकिलांना वाचून दाखवली. ‘आईला ॲडमिट केले आहे. साखर 512. काढा घेऊ नका. कोणीही सुई बंद करू नका. माझी चूक झाली.’ बोकिलांनी मान हलवली. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

दहा मिनिटांत खाली हात जोडलेली चित्रं आली. ‘काकू लवकर बऱ्या होवोत.’ ‘पानं जून घेतली असतील, कोवळी घ्यायची असतात.’ ‘काढा उपाशीपोटी घेतला का?’ गोकुळने लिहिलं, ‘जोतीराम शेठ, कंपनीने तुम्हालापण गाठलं का?’ आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा.

जोतीरामने मोबाइल बोकिलांपुढे धरला. “सायेब,” तो म्हणाला, “ह्यास्नी आता कसं सांगायचं?”

“ज्यांचे फोन नंबर आहेत त्यांना फोन करा. सुपरवायझरला आधी.”

जोतीराम उठून जिन्याकडे गेला आणि एकेक फोन लावू लागला. त्याचा आवाज वरपर्यंत येत होता, “व्हय, उंदरं. आवं उंदरावर केलं व्हतं त्ये,” असा.

बोकील लीलाबाईंच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले. इंदापूरची गाडी चुकणार होती, पण घरी जाऊन करायचं असं काही नव्हतं. लीलाबाईंनी डोळे उघडले. श्वास आता सावकाश चालला होता. त्यांनी बोकिलांकडे बघितलं, ओळख पटायला थोडा वेळ लागला.

“पाव्हणं, अजून हितंच व्हय?”

“हो.”

“मालकिणीचं नाव काय म्हणालात?”

“म्हणालो नाही. इंदिरा.”

“हां.” त्या वरच्या पंख्याकडे बघत पडून राहिल्या. मग, गाईला पाणी पाजलं का असं विचारावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, “इंदापूरपासनं पणदऱ्याला आलात. दोन गाड्या बदलून. माझी काय वळख न्हाय, पाळख न्हाय. आन् सैपाकघरापतोर न्हाय गेलात?”

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं, म्हणून त्या विचारत होत्या. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं. मध्ये दारसुद्धा नव्हतं, नुसती चौकट. दहा पावलं. ती तिथे पाटावर बसली होती, मांडीत मेथीची जुडी होती, आणि तिने विचारलं होतं. त्यांना संताप आला. इतका संताप त्यांना गेल्या आठ महिन्यांत कशाचाच आला नव्हता. बातमीपत्राचा नाही, गोकुळचा नाही. खुर्चीत बसून एका बोटाने लिहिणाऱ्या त्या माणसाचा. त्याला धरून उठवावं आणि आत ढकलावं असं त्यांना वाटलं, आणि आता ते जमणार नव्हतं.

“न्हाय गेलो,” ते म्हणाले.

लीलाबाईंनी सलाइन नसलेला हात त्यांच्याकडे सरकवला. “काय सांगायचं व्हतं तिला? सांगा. मी हाय हितं.”

“तो प्रयोग…” बोकिलांनी सुरुवात केली आणि ते थांबले. त्यांनी चष्मा काढला, तो कुठे ठेवावा ते सुचेना, तसाच मुठीत धरला.

“सुई बंद करू नकोस, इंदू,” ते म्हणाले. शेजारच्या खाटेवरच्या बाईने वळून बघितलं इतक्या मोठ्याने म्हणाले. मग त्यांना रडू फुटलं. म्हाताऱ्या माणसाचं ते रडणं, त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटलं.

लीलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“न्हाय करत,” त्या म्हणाल्या.